डागाचे कार्यकारण : लष्करी डायोरामातील वेदरिंगचे विवेचन

प्लास्टिकच्या किटमधून रणगाडा जोडणे आणि जोडलेल्या रणगाड्यावर काळाच्या खुणा उमटवणे ही दोन वेगळ्या स्वभावाची कामे आहेत. पहिल्यात सुटे भाग, मोजमाप, सांधे आणि पॉलिश पेपर असतो. तिथे चूक झाली तर ती डोळ्याला दिसते आणि दुरुस्त करता येते. दुसऱ्या कामाला मॉडेल करणारे वेदरिंग म्हणतात. त्यात धूळ, गंज, तेलाचे ओघळ, उडालेला रंग, चिखल हे सारे नव्याने निर्माण करायचे असते, आणि त्यातली चूक बहुधा दिसत नाही. कित्येकदा ती देखणीच दिसते. म्हणून वेदरिंगचा विचार शास्त्राच्या शिस्तीने करायला हवा. माझे प्रतिपादन एवढेच आहे : डायोरामातल्या, म्हणजे मॉडेलांनी मांडलेल्या छोट्या दृश्यातल्या, प्रत्येक डागाला कारण, वय आणि क्रम असला पाहिजे. ज्या डागाबद्दल या तीन गोष्टी सांगता येत नाहीत तो पुसून टाकावा.

न्यायशास्त्रात पर्वतावरच्या धुरावरून अग्नीचे अनुमान करतात. डायोरामा करणाऱ्याला तीच वाट उलटी चालावी लागते. अग्नी त्याला ठाऊक असतो. धूर कुठून निघाला असेल, किती वेळ, कोणत्या दिशेने, कोणत्या रंगाचा, हे त्याला ठरवायचे असते. पुढे पाहणारा त्या धुराकडून अग्नीकडे येतो. करणाऱ्याने मधली एक पायरी जरी मनाने घातली, तरी पाहणारा भलत्याच निष्कर्षाला पोहोचतो.

हा विचार हवेत राहू नये म्हणून एकच प्रसंग घेतो. सप्टेंबर १९६५, पंजाबातल्या खेमकरणजवळचे असल उत्तर. ८ ते १० सप्टेंबर या दिवसांत इथे पाकिस्तानच्या पहिल्या आर्मर्ड डिव्हिजनचे एम-४७ आणि एम-४८ पॅटन रणगाडे भारताच्या चौथ्या माउंटन डिव्हिजनच्या आणि दुसऱ्या स्वतंत्र आर्मर्ड ब्रिगेडच्या मोर्चावर आले. भारताकडे थर्ड कॅव्हलरीचे सेंच्युरियन, डेक्कन हॉर्सचे शर्मन आणि एट्थ कॅव्हलरीचे हलके एएमएक्स-१३ होते. शेतांत पाणी सोडले होते, ऊस उंच वाढलेला होता, आणि त्या चिखलात पॅटनांचा वेग गेला. ४ ग्रेनेडियर्सचे कंपनी क्वार्टरमास्टर हवालदार अब्दुल हमीद यांनी जीपवरच्या १०६ मिलिमीटर रिकॉइललेस तोफेने पिकाच्या आडून पॅटन टिपले. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले. डायोरामाच्या अभ्यासकाला याहून चांगले उदाहरण मिळणे कठीण आहे. रणगाड्यांच्या जाती वेगवेगळ्या, पाणी आणि माती ठाऊक, पीक ठाऊक, महिना ठाऊक, आणि सारे थोडक्या दिवसांत घडलेले.

प्रमाण आणि नजर

लष्करी वाहनांच्या मॉडेलांचे रूढ प्रमाण १/३५ आहे. गणिताच्या सोयीतून ते आलेले नाही. जपानच्या तामिया कंपनीने १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला मोटरवर चालणारा पँथर रणगाडा काढला. आत मोटर आणि दोन बॅटऱ्या मावतील असा त्याचा आकार ठरला, आणि नंतर हिशोब केला तेव्हा ते प्रमाण साधारण १/३५ भरले. पुढे साऱ्या जगाने तेच उचलले.

या आकड्याचे वेदरिंगवर होणारे परिणाम फार कमी लोक मोजतात. मॉडेलवर ब्रशने टेकवलेला १ मिलिमीटरचा ठिपका म्हणजे खऱ्या रणगाड्यावरचा साडेतीन सेंटिमीटरचा खवला. मातीचा ०.१ मिलिमीटरचा कण साडेतीन मिलिमीटरचा खडा होतो. घराच्या अंगणातली माती गाळून टाकली की ती ‘खरी’ म्हणून शोभेल हा समज इथेच कोसळतो, कारण वस्त्रगाळ केली तरी तिचा कण या प्रमाणात धूळ राहत नाही. पिगमेंट म्हणून मिळणारी पूड दळून अतिसूक्ष्म केलेली असते. तिचे महत्त्व रंगापेक्षा या बारकाव्यात आहे. रंगाच्या थराचेही तसेच. मॉडेलवरचा ०.०३ मिलिमीटर जाडीचा थर खऱ्या वाहनावर एक मिलिमीटरहून जाड ठरतो. म्हणजे उडालेल्या रंगाची कडा प्रत्यक्ष खोल करून दाखवायला गेलो की ती हमखास जाड दिसते. ती रंगानेच सुचवावी लागते.

आता अंतराचा विचार. आपण मॉडेल ३० सेंटिमीटरवरून पाहतो. खऱ्या जगात ते अंतर साडेदहा मीटर होते. साडेदहा मीटरवरून रणगाड्याच्या कडेवरचे नखाएवढे खवले दिसत नाहीत. दिसतो तो पृष्ठभागाच्या छटांतला फरक : वरची बाजू फिकट, खालची मातकट, हॅचभोवती गडद चकाकी, ट्रॅकजवळ ओलावा. स्पर्धांमधल्या कित्येक मॉडेलांवर शेकडो बारीक खवले अतोनात कष्टाने रंगवलेले असतात, पण धुळीचा सलग पडदा नसतो. श्रम आणि सत्य यांची तिथे फारकत झालेली असते. छटा आधी, खवले नंतर, आणि तेही मोजकेच, हा क्रम मी अंतराच्या या साध्या गुणाकारावरून मानतो.

पोलाद, रंग आणि उष्णता

वेदरिंगमधला सर्वांत मोठा दोष गंजाचा अतिरेक आहे. चिलखती पोलादाचा जाड पत्रा वापरातल्या रणगाड्यावर खोल गंजत नाही. रंग खरवडला की आधी प्रायमर दिसतो. प्रायमरही गेला तर उघडे पोलाद, आणि दमट हवेत थोड्याच काळात त्यावर नारिंगी रंगाची पातळ साय धरते. ती साय गडद तपकिरी आणि खडबडीत व्हायला बराच काळ उपेक्षा लागते. चालता रणगाडा रोज वापरला, पुसला, रंगवला जातो. त्यामुळे लढाईत उतरलेल्या वाहनावर पापुद्रे सुटलेला गंज दाखवणे म्हणजे त्याच्या पलटणीने त्याला वर्षानुवर्षे सोडून दिले होते असे विधान करणे आहे.

याला एक खरा अपवाद आहे : एक्झॉस्टचे सायलेन्सर. त्यांचा पत्रा पातळ असतो, उष्णतेने रंग जळून जातो, आणि तापणे-निवणे या फेऱ्यांत दमट हवा उघड्या लोखंडाला सतत भिडते. सेंच्युरियनवर मागच्या ट्रॅकगार्डवर आणि एम-४७ पॅटनवर मागच्या फेंडरवर हे सायलेन्सर उघड्यावर असतात. तिथे मखमली, नारिंगी-तपकिरी गंज नव्या वाहनावरही योग्यच. सुरुवातीच्या एम-४८ वर मात्र तसे फेंडरवरचे सायलेन्सर नाहीत. पेट्रोल इंजिनाचा धूर मागच्या डेकच्या जाळीतून निघतो. तिथे गंजाऐवजी उष्णतेने करपलेला, काजळीने मंदावलेला रंग हवा. एकाच घराण्यातल्या दोन पॅटनांवर हा फरक पडतो. आणि इथे किट निवडतानाच सावध राहावे लागते. एम-४८ए३ ही डिझेल इंजिनाची नंतरची आवृत्ती आहे. व्हिएतनाम युद्धामुळे ती लोकप्रिय झाली आणि तिची किट सहज मिळतात. ती १९६५ च्या खेमकरणात उभी करता येत नाही, कारण तिची मागची बाजूच वेगळी आहे.

पृष्ठभागाची जातही खुणा ठरवते. एम-४८ चा हल, म्हणजे टरेटखालचे धड, ओतीव पोलादाचा आहे. त्यावर ओतकामाचा खरखरीतपणा असतो, आणि धूळ त्या खाचखळग्यांत अडकून राहते. सेंच्युरियनचा हल लाटलेले पत्रे वेल्ड करून केलेला. तिथे धूळ सपाट पत्र्यावरून पावसाने धुतली जाऊन वेल्डच्या रेषेशी साचते. ओतीव पोत आणण्यासाठी पातळ केलेली पुट्टी आखूड केसांच्या कडक ब्रशने ठोकून बसवतात. तो पोत ज्याने दिला नाही त्याची धूळ पुढे कितीही कौशल्याने लावली तरी बसत नाही.

ऑलिव्ह ड्रॅब फिका पडतो तो दोन कारणांनी. ऊन रंगातल्या बांधणाऱ्या द्रव्याचे विघटन करते. मग रंगकण सुटे होऊन पृष्ठभागावर खडूसारखी भुकटी जमते आणि छटा पांढुरकी होते. दुसरे कारण धूळ. पहिले वरच्या, उन्हाकडे तोंड केलेल्या भागांवर जास्त घडते, दुसरे सर्वत्र पण खालून वर कमी होत जाते. या दोन्ही गोष्टी एकाच फिकट रंगाच्या फवाऱ्याने उरकणे चूक आहे, कारण त्यांची वये वेगळी आहेत. ऊन महिन्यांचे असते, धूळ दिवसांची.

ट्रॅकबद्दल तर सर्रास गोंधळ आहे. सेंच्युरियनचे ट्रॅक मँगनीज पोलादाचे, ओतीव. जमिनीला घासून त्यांच्या बाहेरच्या कडा चांदीसारख्या उजळतात. एम-४८ च्या टी-९७ ट्रॅकवर रबराचे ठोकळे असतात. रबर चकाकत नाही. ते करडे पडते, कडांना तुटते. तिथे उजळतात ते कडेचे जोडणीचे तुकडे, ज्यांत स्प्रॉकेटचे, म्हणजे ट्रॅक ओढणाऱ्या दातेरी चाकाचे, दात बसतात, आणि मधली मार्गदर्शक शिंगे, जी चाकांना घासतात. पॅटनच्या ट्रॅकच्या सबंध पृष्ठभागावर ग्रॅफाइट चोळणारा हात वापरातला धातू दाखवत नाही, तो धातूच नसलेल्या जागी धातू दाखवतो.

जळालेला रणगाडा हा सर्वस्वी निराळा विषय. असल उत्तरच्या पॅटनांत दोन प्रकार होते : चिखलात रुतून दलाने सोडून दिलेले आणि गोळा लागून पेटलेले. पहिल्यावर गंज जवळजवळ नसावा. हॅच उघडे, आतले सामान बाहेर, चिखल ताजा. दुसऱ्यावर रंग जळून पोलाद उघडे पडते आणि एखाद्या दिवसातच भडक नारिंगी गंज सर्वभर पसरतो, कारण आगीने पृष्ठभाग अगदी कोरा केलेला असतो. जिथे आग सर्वांत तीव्र तिथे राखेचा पांढुरका-करडा रंग, तिच्या कडेला काजळी, आणि उष्णता पोहोचली नाही तिथे मूळ हिरवा रंग. रोड-व्हीलची रबरे जळून चाकाची रिंग उघडी पडते. टॉर्शन बारचे पाणी उतरते आणि वाहन खाली बसते. म्हणजे जळालेल्या पॅटनचे वेदरिंग रंगाच्या बाटलीपासून सुरूच होत नाही. सस्पेंशन खाली बसवण्यापासून, जोडणीच्या टप्प्यातच ते सुरू होते. ज्यांनी वाहन आधी जोडून ‘नंतर जळके करू’ असे ठरवले, त्यांच्या हातून हा भाग निसटलेला असतो.

चिखल

असल उत्तरचा गाभा चिखल आहे, आणि या विषयात सर्वांत कमी समजून घेतलेली गोष्टही तीच.

ओली माती गडद का दिसते? कोरड्या मातीच्या कणांमध्ये हवा असते. प्रकाश कणांच्या पृष्ठभागांवर पुनःपुन्हा विखुरतो आणि त्यातला बराचसा डोळ्याकडे परततो. त्या पोकळ्यांत पाणी भरले की कण आणि भोवतालचे माध्यम यांच्या वक्रीभवनांकातला फरक घटतो, प्रकाश कमी विखुरतो, आत खोल शिरतो आणि शोषला जातो. रंगद्रव्य तेच, पण छटा गडद. हेच भौतिकशास्त्र मॉडेलच्या टेबलावरही जसेच्या तसे चालते. पिगमेंटच्या पुडीवर व्हाइट स्पिरिट सोडले की ती क्षणात गडद होते आणि स्पिरिट उडून गेले की पुन्हा फिकी पडते, कारण पोकळ्यांत पुन्हा हवा येते. तीच पूड अॅक्रिलिक रेझिनमध्ये किंवा चकचकीत वार्निशमध्ये कालवली तर पोकळ्या कायमच्या भरतात आणि ती कायमची ओली दिसते. म्हणून कोरडा आणि ओला चिखल यांसाठी दोन रंग घेण्याची गरज नसते. माती एकच असावी आणि बांधणारे द्रव्य बदलावे. दोन वेगवेगळ्या तपकिरी रंगांनी केलेला कोरडा-ओला चिखल नेहमी दोन गावांचा वाटतो. एकाच पुडीतून केलेला चिखल एका शेताचा वाटतो. वेदरिंगमध्ये मला याहून मोलाचा नियम माहीत नाही.

चिखल कुठे जातो हे यंत्ररचना ठरवते. पॅटन आणि सेंच्युरियन दोघांचेही स्प्रॉकेट मागे आहे. ट्रॅक जमिनीतून वर येतो तो थेट मागच्या स्प्रॉकेटकडे. दात चिखल उपटून टाकतात, तो मागच्या फेंडरच्या खाली आणि मागच्या पत्र्यावर थापला जातो. शर्मनचे स्प्रॉकेट पुढे. तिथे ट्रॅक चिखल घेऊन वरून पुढे येतो आणि साठा पुढच्या भागात, ट्रान्समिशनच्या आवरणाजवळ होतो. असल उत्तरच्या एकाच शेतात पॅटन आणि डेक्कन हॉर्सचा शर्मन शेजारी उभे केले तर त्यांचा चिखल एकमेकांची नक्कल असता कामा नये. शिंतोड्यांनाही दिशा असते. ते चाकाच्या फिरण्याच्या स्पर्शरेषेत जातात. ब्रश आडवा धरून कुठूनही उडवलेले ठिपके दिशाहीन पडतात आणि डोळ्याला ते कळते, कारण सांगता आले नाही तरी. मॉडेलवर ३ मिलिमीटरचा गोळा म्हणजे दहा सेंटिमीटरहून मोठे ढेकूळ, हेही विसरू नये.

वयाचा प्रश्न इथे पुन्हा येतो. खेमकरणकडे येणारा पॅटन आधी कोरड्या वाटांनी आला असणार. त्यामुळे सर्वांत खाली फिकट, बारीक धूळ. तिच्यावर अर्धवट सुकलेला चिखल, कडा फिक्या आणि मध्य गडद. आणि शेवटी, ट्रॅक व चाकांच्या खालच्या भागावर, ताजा, चकाकणारा ओला थर. हा तिसरा थर हलच्या खालच्या अंगाला एका रेषेत संपतो, कारण वाहन तेवढेच बुडाले. ती रेषा जमिनीतल्या चाकोरीच्या खोलीशी जुळली पाहिजे. पंचेचाळीस टनांच्या आसपास वजनाचे वाहन ओल्या शेतात रुतते. चाकोरीच्या दोन्ही कडांना माती फुगून वर येते, मागच्या चाकोरीत पाणी साचते, आणि पोट जमिनीला टेकले की मधल्या मातीवर घासटलेला पट्टा उमटतो. कित्येक डायोरामांत रणगाडा चिखलावर ठेवलेला असतो, चिखलात बसलेला नसतो. ज्याला वजन दाखवता आले नाही त्याने रंगाचा विचार पुढे ढकलावा.

थरांचा क्रम

आता तंत्राकडे. तंत्रांचा इतिहासही कारणांच्या दृष्टीने पाहण्याजोगा आहे. अमेरिकेचे शेपर्ड पेन यांनी १९७०च्या दशकात मोनोग्राम कंपनीच्या किटसाठी केलेल्या डायोरामांनी आणि १९८० च्या ‘हाऊ टु बिल्ड डायोरामाज’ या पुस्तकाने दृश्यात गोष्ट कशी सांगावी हे एका पिढीला शिकवले. बेल्जियमचे फ्रांस्वा व्हरलिंडेन यांनी गडद वॉश (खाचांत उतरणारा पातळ रंग) आणि कडांवर फिकट ड्रायब्रश (जवळजवळ कोरड्या ब्रशने घासलेला रंग) ही जोडी लोकप्रिय केली. त्यानंतर स्पेनच्या मिग हिमेनेझ यांच्यासारख्यांनी पिगमेंट आणि तयार वेदरिंग द्रव्ये सर्वांच्या हाती दिली. ड्रायब्रशने बारकावे उठून दिसतात, पण सगळ्याच कडा सारख्या उजळ करणारी झीज निसर्गात नसते. माझ्या मते आज त्याची जागा धातूच्या घासटलेल्या भागांपुरती आणि जमिनीच्या पोतापुरती आहे. पत्र्यांवर मुद्दाम उजेड-सावली रंगवण्याची रंगमॉड्युलेशनची रीत फडताळातल्या एकट्या मॉडेलला उठाव देते. डायोरामात मात्र जमीन, पीक आणि माणसे यांवर एकच ऊन पडलेले असते, तिथे रणगाड्याने आपला वेगळा सूर्य आणू नये.

थर एकमेकांना न बिघडवता बसतात ते द्रावकांच्या भेदामुळे. पूर्ण सुकलेल्या अॅक्रिलिकला व्हाइट स्पिरिट विरघळवत नाही. म्हणून मूळ रंग अॅक्रिलिकचा, त्यावर वार्निश, त्यावर एनॅमल वॉश आणि तैलरंग, शेवटी पिगमेंट, हा क्रम रूढ आहे. चिपिंगसाठी, म्हणजे उडालेला रंग दाखवण्यासाठी, हेअरस्प्रेसारखा पाण्यात विरघळणारा थर दोन रंगांच्या मध्ये घालतात. वरचा अॅक्रिलिक कोवळा असतानाच पाण्याने ओला करून ब्रशने घासला की तो तुकड्यांनी निघतो, आणि त्या तुकड्यांचा आकार हाताने रंगवलेल्या खवल्यांपेक्षा नैसर्गिक असतो. तैलरंगाचे ठिपके टर्पेंटाइनने खाली ओढले की पावसाचे ओघळ मिळतात. पण स्पिरिटचा पूर येऊ देऊ नये. ताणाखाली असलेल्या प्लास्टिकच्या सांध्यांत ते झिरपले की पॉलिस्टायरिन ठिसूळ होऊन तडकते, आणि दोष रंगाला दिला जातो.

हा क्रम केवळ रसायनाचा नाही. तो वाहनाच्या आयुष्याचा क्रम आहे, आणि दोन्ही जुळतात हे या कलेचे भाग्य आहे. रंग फिका पडणे आधी, खरवडणे मध्ये, तेल सांडणे मध्ये, धूळ नंतर, चिखल शेवटी. इंधनाच्या झाकणाजवळचा डाग घ्या : पेट्रोल सांडले, धूळ बसली, पुन्हा सांडले. तिथे तैलरंग आणि पिगमेंट आळीपाळीने लावावे लागतात, कारण कारणही आळीपाळीने घडले. हॅचकडे चढण्याची वाट मात्र धुळीनंतर पुसून दाखवायची. तिथे दलाचे बूट आणि हात रोज फिरतात.

महाराष्ट्रात काम करणाऱ्यांनी पावसाळ्याचा हिशोब वेगळा ठेवावा. दमट हवेत लॅकर पांढुरके पडते आणि एनॅमल सुकायला बराच जास्त काळ घेते. वॉश घाईने पुसला की खालचा थर डागाळतो. एअरब्रश आणि पिगमेंट वापरताना मास्क हवाच. ती पूड सूक्ष्म आहे म्हणूनच उपयोगी आहे, आणि म्हणूनच फुप्फुसात जाते.

जमीन आणि पीक

वाहनाइतकेच अनुमान जमिनीचे. खेमकरणची माती सिंधूच्या उपनद्यांनी आणलेला गाळ आहे. सुकल्यावर फिकट, किंचित करड्या छटेची तपकिरी. आपल्याकडची काळी कापसाची माती किंवा कोकणातली तांबडी जांभ्याची माती तिथे वापरली तर युद्ध पंजाबातून उचलून दख्खनात आणल्यासारखे होते. खरी माती वापरायचीच असेल तर तव्यावर भाजून कोरडी करावी, नाहीतर डिंक आणि ओलावा मिळून तिला बुरशी येते. आणि डिंकाने ती गडद होणार हे वर सांगितलेल्या कारणाने गृहीत धरावे.

उसाचे माप घेऊ. तीन मीटर उंचीचा ऊस १/३५ मध्ये साडेआठ सेंटिमीटर होतो; एम-४८ ची उंची सुमारे नऊ सेंटिमीटर. दोन्ही जवळजवळ सारखे. या एका तुलनेतून असल उत्तरची सगळी लढाई कळते : उसात शिरलेल्या पॅटनच्या कमांडरला क्युपोलातून पात्यांचे शेंडेच दिसत असणार, आणि बाहेर दबा धरून बसलेल्याला फक्त टरेटचा माथा. डायोरामात ऊस गुडघाभर लावला की हा अर्थ नष्ट होतो. पाती सव्वा ते दीड मिलिमीटर रुंद, मधली शीर फिकट, टोके वाळलेली, खालची पाने पिवळी. कागदाची पाती कापून, शिरेवर दुमडून, पातळ तारेच्या कांडावर लावणे हे काम वेळखाऊ आहे, पण पर्याय नाही. छापील हिरव्या गवताच्या चटया इथे निरुपयोगी आहेत. रणगाडा ज्या वाटेने आला तिथला ऊस प्रवासाच्या दिशेने आडवा पडलेला, पाने चिखलात दाबलेली, पुढचा उभा. एवढ्यावरून तो कुठून आला आणि कुठे थांबला हे कोणालाही वाचता येते.

अब्दुल हमीद यांच्या जीपचे दृश्य करणाऱ्याने रिकॉइललेस तोफेच्या मागच्या झोताचा विचार करावा. गोळा पुढे जातो तेव्हा वायूचा मोठा झोत मागे सुटतो. तो धूळ उडवतो, पीक झोपवतो आणि जागा उघडी पाडतो. म्हणूनच अशा तोफेला एका जागी राहणे धोक्याचे असते. जीपच्या मागे झोपलेले, करपलेले पीक दाखवले तर तो सैनिक काय जोखीम घेत होता हे एकाही अक्षराची पाटी न लावता सांगता येते.

मृतांच्या आकृत्यांबद्दल माझे मत स्पष्ट आहे. त्या टाळाव्यात, आणि अगदी आवश्यक असल्या तर रक्ताशिवाय, अंतरावर. उघडा हॅच आणि चिखलात पडलेले हेल्मेट पुरेसे बोलते, मग ते कोणत्याही बाजूचे असो.

पुरावा

अखेर सारे पुराव्यावर येते. दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन वाहनांची मॉडेले जगात सर्वाधिक होतात, त्याचे एक कारण हेही आहे की तिथे पुरावा दाट आहे. फेब्रुवारी १९४३ मध्ये गडद करड्याच्या जागी गडद पिवळा मूळ रंग आला, चुंबकी सुरुंगांपासून बचावासाठीचा झिमरिटचा लेप १९४३ च्या उत्तरार्धापासून सप्टेंबर १९४४ पर्यंतच कारखान्यात लावला गेला. वाहनाची तारीख कळली की त्याची त्वचा कळते. १९६५ आणि १९७१ च्या आपल्या युद्धांत अशी सोय नाही. बहुतेक छायाचित्रे कृष्णधवल आहेत. त्यांतून चिखलाची उंची, रुतण्याचा कोन, बाहेर टांगलेले सामान, छटांतले अंतर हे सारे वाचता येते. रंग वाचता येत नाही.

अहिल्यानगरचे रणगाडा संग्रहालय इथे मोठा आधार आहे. तिथे वाहनाशेजारी उभे राहून ओतीव पोत, वेल्डची जाडी, बोल्टांची मांडणी पाहता येते, आणि हे कोणत्याही आराखड्यातून मिळत नाही. त्याच गावच्या आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूलमध्ये पूना हॉर्सचा ‘फामागुस्टा’ हा सेंच्युरियन जतन केलेला आहे. १६ डिसेंबर १९७१ ला बसंतरच्या लढाईत याच रणगाड्यात पुण्यात जन्मलेले सेकंड लेफ्टनंट अरुण खेतरपाल यांना वीरमरण आले. पण अशा वाहनांवरचा आजचा रंग हा सन्मानाचा रंग आहे, लढाईचा नव्हे. ती दुरुस्त केली जातात, पुन्हापुन्हा रंगवली जातात. संग्रहालयातून आकार घ्यावा, पोत घ्यावा. छटा आणि डाग घेऊ नयेत. चौकाचौकांत उभ्या केलेल्या पॅटनांनाही हेच लागू आहे.

मग छटा कुठून आणायच्या? ज्यांनी ते पाहिले त्यांच्याकडून. १९६५ मध्ये विशीत असलेले सैनिक आज ऐंशीच्या आसपास किंवा पुढे आहेत. सातारा, कोल्हापूर, अहिल्यानगर या जिल्ह्यांत निवृत्त जवानांची घरे गावोगाव आहेत. मॉडेल करणाऱ्यांनी त्यांच्याकडे पराक्रमाच्या कथांपलीकडचे प्रश्न घेऊन जावे : रणगाड्यावर बाहेर काय बांधलेले असे, चिखल काढायला काय वापरत, जाळ्या कोणत्या रंगाच्या होत्या, तेल कुठे गळत असे, जळालेले वाहन दुसऱ्या दिवशी कसे दिसे. असे प्रश्न त्यांना आजवर फारसे कोणी विचारलेले नाहीत. उत्तरे तारीख, पलटण आणि ठिकाणासह लिहून ठेवा, आणि पुढचे किट उघडण्याआधी हे काम करा.